टवाळीला इंग्रजीत काय म्हणावे?



पांडेसऱ्यातली आपली घरे बोलतात अहिराणी-मराठी, बाजार करतात गुजराती-हिंदीत आणि मुलांच्या कॉलेजातले किंवा कंपनीतले अर्ज लिहितात इंग्रजीत. अपमान मनाला मराठीत लागतो आणि इंग्रजी अर्जात उतरताना पुष्कळदा त्याचा अर्थच पालटतो.

आपला 'चेष्टा' हा शब्द पाहा. मित्रही चेष्टा करतो, हिणवणाराही करतो. 'त्यांनी माझी चेष्टा केली' याचे 'दे जोक्ड विथ मी' असे केले, की वाचणारा अधिकारी समजतो, सगळे मिळून हसले. तक्रार तिथेच संपली! 'विथ' म्हणजे सोबत, 'ॲट' म्हणजे नेम धरून. म्हणून 'माझ्यावर हसले' याचे 'लाफ्ड ऑन मी' नव्हे, 'लाफ्ड ॲट मी' लिहावे. 'मॉक' आणि 'रिडिक्यूल' यांना मध्ये काही लागत नाही: 'दे मॉक्ड मी'. 'मेड फन ऑफ मी' लिहिताना 'फन'आधी 'अ' नको. 'स्नीअर' म्हणजे चेहऱ्यावर किंवा बोलण्यात दिसणारी तुच्छता. 'जीअर' म्हणजे ओरडून हिणवणे, बहुधा घोळक्याने. दोघांनाही माणसाआधी 'ॲट' जोडावे. 'स्कॉर्न' म्हणजे तिरस्कार. त्यात हसू नसले तरी चालते.

'टीझ' हा शब्द रोजच्या इंग्रजीत हलका वाटतो. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत, रॅगिंगच्या व्याख्येतच तो आहे. कॉलेजच्या अर्जात तो अवश्य वापरा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 'इन्सल्ट' आणि 'ह्युमिलिएट' हे दोन वेगळे शब्द एकाच कलमात येतात: हेतुपूर्वक अपमान, तोही मानहानी करण्याच्या उद्देशाने आणि लोकांच्या दृष्टीसमोर. म्हणजे नुसते 'इन्सल्टेड मी' पुरत नाही. कुठे, कोणासमोर, काय म्हटले, हे लिहावे लागते.

आमच्या शास्त्राचे प्रवर्तक हानेमान यांनी 'ऑर्गनॉन'मध्ये वैद्याला सांगितले आहे, की रोग्याची तक्रार त्याच्याच शब्दांत टिपावी. अर्जालाही हाच नियम लावा. समोरचा जे बोलला ते आधी त्याच्याच भाषेत, जसेच्या तसे लिहा. मग त्याचा इंग्रजी अर्थ द्या. आणि शेवटी एकच नेमके क्रियापद. पाच जहाल विशेषणे लिहिली तर वाचणाऱ्याला आपला राग दिसतो, घडलेली गोष्ट दिसत नाही. आपल्या नातवंडांना हे जरूर शिकवा.