चाळिशीनंतरची सायकल



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती प्रथा आमच्या खानदेशात आली तेव्हा तिच्यात एकच बदल करावा लागला. येथे वैशाखात सूर्य मावळून भिंती थोड्या निवल्याखेरीज ना वक्ता बोलू शकत, ना श्रोता बसू शकत. आपण घामाच्या धारा पुसत येथवर आलात, त्यात निम्मा व्यायाम झालाच आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल आम्ही बोलणार आहोत.

आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकाराची वाट पाहत असताना. तेव्हा आरोग्यशास्त्रावर अधिकाराने बोलणे आम्हांला शोभणार नाही. पण संघटनेची वर्गणीची वही आमच्या हातात असते, आणि त्या वहीत एखाद्या नावापुढे ‘मयत’ असा शेरा लिहिण्याची वेळ आमच्यावर येते. अशी पुष्कळ नावे साठीच्या आतली आहेत. यंत्रात सापडून गेलेल्यांची संख्या थोडी. त्यांच्या बायकामुलांसाठी भरपाई मागता येते, भांडता येते. पण छातीत कळ येऊन गेलेला, साखरेने पाय गमावलेला, पक्षाघाताने खाटेला खिळलेला, यांची भरपाई कोणाकडे मागावी? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात देशातील मधुमेह्यांचा आकडा १० कोटींच्या वर दिला आहे. हा रोग शेटजींचा, असे आम्ही लहानपणी ऐकत होतो. आता तो डाळ मिलच्या हमालालाही सोडीत नाही.

डॉक्टर सांगतात, व्यायाम करा. माणूसही मनावर घेतो. पहाटे उठतो, आठ दिवस एकटा रस्त्याने चालतो. नवव्या दिवशी साडूच्या मुलीची हळद निघते, दहाव्या दिवशी लग्न, अकराव्या दिवशी कोणाच्या तरी दारावर जाणे. बाराव्या दिवशी चालणे सुटलेले असते. यात त्या माणसाचा आळस किती आणि आमच्या खानदेशाचा स्वभाव किती, याचा विचार कोणी करीत नाही. आमच्याकडे माणसाला एकटे राहता येत नाही. हिवाळा लागला की मळ्यात भरिताच्या पंगती बसतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लसूण-मिरची, वर तेलाची धार, आणि सोबत पुरी नाहीतर कळण्याची भाकरी. अक्षयतृतीयेला आमरस आणि खापरावरचे मांडे. श्रावणात कानबाई. आणि बारा महिने तेरा काळ शेवभाजी. जो उपाय या सगळ्यांतून माणसाला उठवून बाजूला बसवतो, तो उपाय कितीही शास्त्रीय असो, येथे टिकत नाही. ‘आम्ही आता बाहेरचे काही घेत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाला चार ठिकाणी आग्रह होतो आणि पाचव्या ठिकाणी बोलावणेच येत नाही. बोलावणे बंद होणे हीदेखील प्रकृतीची हानीच आहे, असे आमचे मत आहे.

म्हणून आम्ही सायकलीची बाजू घेतो. सायकल हा चारचौघांत करता येणारा व्यायाम आहे. वैद्यकात मध्यम परिश्रम मोजण्याची एक साधी कसोटी आहे. ज्या वेगात माणसाला बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग मध्यम परिश्रमाचा. याला यंत्र लागत नाही, घड्याळ लागत नाही. शेजारी बोलणारा एक माणूस मात्र लागतो! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे असा मध्यम परिश्रम सांगितला. आमची पाच-सात जणांची टोळी आहे. त्यात एक निवृत्त फिटर, एक शिंपी, एक शाळामास्तर, आणि एक बँकेतले गृहस्थ, ज्यांना बोलणे आवरत नाही. या गृहस्थांनी आमचा वेग गेली कित्येक वर्षे अगदी शास्त्रशुद्ध राखला आहे. ते गप्प झाले की आम्ही समजतो, चढ लागला.

जळगावकराला यासाठी दूर जावे लागत नाही. बहिणाबाईंचे माहेर आसोदा पाच-सहा किलोमीटरांवर आहे. जाऊन-येऊन पाऊणएक तास. अंगात आणखी जोर असेल तर गिरणाकाठचे कानळदे. ज्याला गाव सोडायचे नाही त्याने मेहरूण तलावाकडे फेरी मारावी. धुळ्याची गोष्ट आणखी सोपी. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने त्या गावची पेठ सरळ रेघेत आखली, आणि त्या गल्ल्या अजून क्रमांकाने ओळखल्या जातात. चढाची हौस असणाऱ्या धुळेकराला आग्रा रस्त्यावर लळिंग आहे. तापीचे हे खोरे बहुतेक सपाट. आम्हांला चढ नाही, पण ऊन आहे आणि उन्हाळ्यात समोरून येणारा वारा आहे. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो त्या दिवसांत सकाळी साडेसातच्या आत घरी परतलेले बरे. या बाबतीत शौर्य दाखवू नये.

आता आमच्या धंद्याशी जवळची एक गोष्ट सांगतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे एक वैद्यकसंशोधक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचे झटके एकाएकी इतके का वाढले, याचा ते शोध घेत होते. त्यांनी दुमजली बसगाड्यांवरील कामगारांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. गाडी एक, रस्ता एक, हवा एक. पण चालक दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटे देत दिवसाकाठी पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. चालकांत हृदयविकार जास्त, कंडक्टरांत कमी. आणि कंडक्टरांना झाला तरी तो उतारवयात आणि सौम्य. टपालखात्यातही तेच आढळले. पायी किंवा सायकलीवर पत्रे वाटणारा पोस्टमन खुर्चीवरच्या कारकुनापेक्षा सुरक्षित. शंकेखोर म्हणाले, लठ्ठ माणसेच मुळात चालक होत असतील. मॉरिसनी कंपनीच्या शिंप्यांकडील गणवेशांची मापे तपासली. शंकेत तथ्य होते. चालकांच्या कमरा खरोखरीच रुंद होत्या, नोकरीला लागतानाच रुंद होत्या. पण सारख्या कमरेचे चालक आणि कंडक्टर शेजारी ठेवून पाहिले, तरी कंडक्टरच सरस ठरला. पुढे कोपनहेगन शहरात सुमारे तीस हजार माणसांची पाहणी झाली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. कामावर सायकलने न जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी अधिक निघाले, आणि तेही इतर खेळ-व्यायामाचा हिशेब वजा घालून. मॉरिस स्वतः २००९ साली वारले, तेव्हा त्यांचे वय ९९ होते.

हे ऐकल्यावर खेद वाटतो तो असा, की आमच्या गावांना हा उपाय नवा नव्हता. जळगावची खानदेश मिल, अंमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, यांच्या भोंग्यावर गावे उठत. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. रॅले, हर्क्युलिस, पुढे अॅटलस आणि हीरो. पुढच्या दांडीवर मुलगा, मागे डबा, हँडलला पिशवी. नगरपालिका सायकलीवर कर घेत, रात्री दिवा नसला की पोलीस शिट्टी मारी. त्या लोंढ्यातला कोणीही ‘व्यायाम’ हा शब्द उच्चारीत नव्हता. तो फक्त शेजारच्याशी बोलत घरी जात होता. वर्गणी, लग्न, बोनस, भाऊबंदकी, सारे त्या दोन चाकांवर ठरे. खानदेश मिलचा भोंगा केव्हाच थांबला; त्या जागेवर आता बाजारसंकुल उभे आहे.

गिरणी गेली आणि हप्त्यावर फटफटी आली. फटफटीला आमचा विरोध नाही. औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून वीस किलोमीटरांवरच्या खेड्यात परतणाऱ्याला ती हवीच. पण घरापासून चौकातल्या टपरीपर्यंत, टपरीपासून भाजीबाजारापर्यंत तीच. याच्या मागे वेळेची बचत नसून अब्रूची कल्पना आहे. चाळिशीचा माणूस सायकलवर दिसला की टपरीवरून आवाज येतो, ‘काय भो, फटफटी इकी टाकी का?’ हसण्यावारी नेण्याजोगा प्रश्न. पण या एका प्रश्नाने किती माणसे सायकलीवरून खाली उतरली, ते आम्ही पाहिले आहे. ज्या वाहनावर बापाने संसार ओढला त्याची मुलाला लाज वाटावी, हे आम्हांला खटकते. आता उलट्या बाजूने लाख लाख रुपयांच्या सायकली येत आहेत आणि त्यांच्याबरोबर घट्ट कपडे, काळे चष्मे. तेही चांगलेच आहे. मात्र त्या मंडळींना पाहून आमचा फिटर म्हणतो, ‘हे काम आपले नाही.’ पूर्वी गरिबीची म्हणून टाकली, आता श्रीमंतीची म्हणून लांब राहिला. दोन्ही वेळा नुकसान त्याचेच.

मोठे पराक्रम आम्ही जाणतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, आळीपाळीने सायकल चालवीत, नऊ दिवसांच्या आत ओलांडला. रोग्यांचा व्याप सांभाळून त्यांनी ही तयारी केली. पुण्याच्या निरुपमा भावे या गणिताच्या प्राध्यापिका सत्तरीत सायकलने कन्याकुमारीला गेल्या. हे दुसरे उदाहरण आमच्या भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावे. मानव विकास कार्यक्रमात शाळेच्या मुलींना सायकली मिळतात, रस्त्याने त्या झुंडीने जाताना दिसतात. लग्न झाले की ती सायकल धाकट्या भावाकडे जाते आणि बाई पुन्हा कधी तिच्यावर बसत नाही. चाळिशीत गुडघे दुखू लागले की मग तेल चोळायचे. जळगावात वा धुळ्यात चार जावा-नणंदा मिळून सकाळी निघाल्या, तर त्यांना हसण्याची कोणाची छाती होणार नाही. एकटीला हसतात, चौघींना वाट देतात.

आता खाण्याचा हिशेब. तासभर बेताच्या वेगाने सायकल चालवली तर साधारण ३०० ते ४०० कॅलरी खर्च होतात. तळलेल्या तीन-चार पुऱ्यांत त्या परत येतात. त्यामुळे सायकल घेतली म्हणून पंगतीत हात सैल सोडला तर वजन उतरणार नाही, हे आधीच सांगतो. पुढे कोणी आमच्याकडे तक्रार घेऊन येऊ नये. पण वजन उतरले नाही तरी हृदय आणि साखर यांना लाभ होतोच. आमच्या टोळीचा नियम सोपा आहे. भरिताला जायचे ते सायकलीनेच जायचे, पुरीऐवजी भाकरी घ्यायची, आणि यजमानाला आधी काही सांगायचे नाही. दहा किलोमीटर पायडल मारून आलेल्या माणसाला पथ्याचे व्याख्यान देण्याची गरज पडत नाही. तो पोटभर खातो आणि यजमानही खूश असतो.

काही सावधगिरी. ज्याला पूर्वी छातीचा त्रास झाला आहे, किंवा जिना चढताना दम लागतो, त्याने डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्याने रिकाम्या पोटी निघू नये आणि खिशात एक केळे ठेवावे. केळ्यासाठी जळगावकराला कोठे शोधाशोध करावी लागत नाही. गुडघे दुखतात अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांची सीट खाली असते. पायडल अगदी तळाशी असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. आमच्याकडे सीट खाली ठेवण्याची सवय आहे, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असे वाटते. ते सोडावे. आणि सायकलीवर शरीराचा भार सीट वाहते, म्हणून हाडांच्या बळकटीसाठी थोडे चालणे, थोडे ओझे उचलणे चालू ठेवावे. हमाल बंधूंना हे सांगण्याचे कारण नाही.

नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. तो रविवार आम्ही झोपेत आणि मोबाइलच्या पडद्यावर घालवतो. निदान सकाळचे दोन तास त्यातून काढावेत.

पण सगळा भार माणसाच्या निश्चयावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. धुळे-जळगाव महामार्ग चौपदरी झाला, आणि त्याच्या कडेने सायकलवाल्याने कोठून जावे याचा विचार रेघेपुरताही झाला नाही. कारखान्यांत साहेबांच्या मोटारींना छप्पर असते, सायकली उन्हात. मे महिन्यात दुपारी सुटलेल्याला सीटवर बसवत नाही. सायकल बनवणाऱ्यांचीच काय दशा! अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ज्या दिवशी ठप्प झाला आणि फाटकावर ले-ऑफची नोटीस लागली, ती तारीख होती ३ जून, म्हणजे जागतिक सायकल दिन.

म्हणून आमच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली तीन कलमे घातली आहेत. सायकलींसाठी छपराचा स्टँड. पाळीवर चढण्यापूर्वी तोंड-हातपाय धुण्यास नळ. आणि फाटकावरच्या चौकीत हवा भरण्याचा एक पंप. वाटाघाटीच्या पहिल्या बैठकीत व्यवस्थापनाचे लोक या कलमांना हसले. दुसऱ्या बैठकीत त्यांच्यातल्या एका पोक्त अधिकाऱ्याने, पंप सर्वांना वापरता येईल काय, असे हळूच विचारले. येईल, असे आम्ही सांगितले आहे. पंपाचे कलम मान्य झाले. स्टँडवर पुढच्या महिन्यात बोलणी आहेत.