आदिवासी आरोग्य : संशोधनातून धोरणाकडे

(जबलपूर येथील व्याख्यानाचा संक्षेप)



२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, हे बहुतेकांना पाठ असते. परंतु हा निधी कोणत्या आजारावर, कोणत्या भागात आणि कोणत्या लोकसमूहासाठी खर्च करावा, हे केवळ टक्केवारीवरून ठरत नाही. त्यासाठी विश्वासार्ह माहिती लागते व ती गोळा करणे हे शासकीय संशोधनाचे मुख्य कार्य होय. जबलपूर शहर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ८.६ टक्के, तर मध्य प्रदेशात २१.१ टक्के होते. या लोकसमूहांच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८४ मध्ये जबलपूर येथे प्रादेशिक केंद्र स्थापन केले. तेच पुढे राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले.

सरासरी काय लपविते?

या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मध्य प्रदेशातील आदिवासींमधील फुप्फुसाच्या क्षयरोगाची पाहणी केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ३८७ होते. मात्र श्योपूर जिल्ह्यातील सहारिया या एकाच जमातीच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते १,५१८ आढळले. म्हणजे जवळजवळ चौपट. राज्यातील सर्व आदिवासींसाठी एकच सरासरी वापरून औषधे, तपासणी केंद्रे व कर्मचारी यांचे वाटप केले असते, तर सहारियांच्या वाट्याला गरजेच्या चौथा हिस्साच आला असता.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणारे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून धोरणकर्त्यांचा आधार ठरले आहे. तथापि त्याच्या अहवालांत 'अनुसूचित जमाती' हा एकच गट असतो. सहारिया, बैगा किंवा महाराष्ट्रातील कातकरी व कोलाम यांचे वेगळे चित्र त्यातून मिळत नाही. व्यापक सर्वेक्षण आणि स्थानिक संशोधन ही म्हणूनच परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत.

प्रयोगातून कार्यक्रम

जबलपूरलगतचा मंडला जिल्हा हिवतापासाठी दीर्घकाळ कुप्रसिद्ध होता. डॉ. नीरू सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून या परिसरात शीघ्र निदान चाचण्यांची उपयुक्तता तपासली. सूक्ष्मदर्शक व तंत्रज्ञ नसलेल्या गावातही निदान शक्य आहे, हे अशा अभ्यासांनी दाखविले. पुढे आशा कार्यकर्तींच्या हाती हीच चाचणी आली.

२०१७ मध्ये मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत परिषद, राज्य शासन आणि खाजगी क्षेत्रातील एक प्रतिष्ठान यांनी हिवताप निर्मूलनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. घरोघरी ताप-पाहणी, तत्काळ चाचणी, पूर्ण उपचार, रुग्णाचा पाठपुरावा आणि कामावर काटेकोर देखरेख ही त्याची पंचसूत्री होती. तीन वर्षांत स्थानिक संसर्गाचे रुग्ण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. रोजगारासाठी स्थलांतर करून परतणाऱ्या मजुरांबरोबर संसर्ग पुन्हा येतो, हेही याच प्रकल्पात स्पष्ट झाले. २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठायचे असेल, तर हा धडा दुर्लक्षून चालणार नाही.

विलंबाची किंमत

संशोधनाचे निष्कर्ष आपोआप धोरण बनत नाहीत. सहारियांविषयीचा अभ्यास २०१० चा. आदिवासींसाठी स्वतंत्र राष्ट्रीय क्षयरोग उपक्रम २०२१ चा. दरम्यान २०१३ मध्ये केंद्र शासनाने गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. तिने २०१८ मध्ये अहवाल दिला व आदिवासींच्या आरोग्याविषयी स्वतंत्र माहितीचा अभाव ही मूलभूत उणीव असल्याचे नोंदविले. विखुरलेले अभ्यास एकत्र आणून त्यांचे शिफारशींत रूपांतर करणारी अशी समिती हा संशोधन आणि शासन यांमधील आवश्यक दुवा असतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन, ही त्याची उद्दिष्टे आहेत. परंतु तपासणीनंतर समुपदेशन, औषधोपचार व नियमित पाठपुरावा झाला नाही, तर तपासणीचा आकडा केवळ अहवालाची शोभा ठरेल.

थोडक्यात, धोरणाचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न विचारावेत : माहिती कोणत्या लोकसमूहाची आहे? उपाय प्रत्यक्ष क्षेत्रात तपासला आहे काय? आणि निष्कर्षापासून अंमलबजावणीपर्यंत किती काळ गेला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्षांत मोजले जात असले, तरी त्याची किंमत रुग्णांना आपल्या आयुष्याने चुकवावी लागते.