टाकाऊतून टिकाऊ, पण टिकाऊच कशाला?

'टाकाऊतून टिकाऊ' आपण सगळ्यांनीच शाळेत केलंय. आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड, जुन्या बांगड्यांचं तोरण वगैरे. आजचा विषय वरवर तसाच वाटेल. असेम्ब्लाज, म्हणजे सापडलेल्या, फेकून दिलेल्या वस्तू जोडून केलेली कला. त्यासाठी आपण जाऊया लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स या कामगारवस्तीत.

तिथे सायमन रोडिया नावाचा एक माणूस राहायचा. इटलीहून आलेला, बांधकामावर काम करणारा, टाइल्स बसवणारा. १९२१ ते १९५४ अशी तब्बल ३३ वर्षं तो घराला लागून असलेल्या जागेत एकट्याने मनोरे उभारत होता. सगळ्यात उंच मनोरा जवळपास ३० मीटर! परांची नाही, वेल्डिंग नाही, नटबोल्ट नाहीत. सळई रेल्वेच्या रुळाखाली अडकवून वाकवायची, तिला तारेची जाळी गुंडाळायची, वर सिमेंट थापायचं. आणि त्या ओल्या सिमेंटमध्ये फुटक्या कपबशा, शिंपले, टाइल्सचे तुकडे, सेव्हन अपच्या हिरव्या बाटल्यांच्या काचा. मग एक दिवस त्याने जागा शेजाऱ्याला देऊन टाकली आणि निघून गेला. परत आलाच नाही.

शहराच्या बांधकाम खात्याने हे सगळं धोकादायक ठरवलं. पाडा! लोकांनी विरोध केला, तेव्हा बड गोल्डस्टोन नावाच्या एरोस्पेस इंजिनियरने सुचवलं की आधी टेस्ट तर करा. (आम्ही सर्व्हरची करतो तीच हो, लोड टेस्ट. फक्त इथे रोलबॅक नव्हता.) ऑक्टोबर १९५९ मध्ये मनोऱ्याला १०,००० पौंडांचा, म्हणजे साधारण साडेचार टनांचा आडवा जोर लावला. मनोरा जागचा हलेना, जोर लावणारी यंत्रणाच नमली. पाडण्याचा बेत रद्द. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हे.

आता त्याच वस्तीतला दुसरा माणूस. नोआ प्युरिफॉय, अलाबामात १९१७ साली जन्मलेला कृष्णवर्णीय कलाकार. या मनोऱ्यांशेजारच्या कला केंद्राचा तो पहिला संचालक. ऑगस्ट १९६५ मध्ये पोलिसांनी एका कृष्णवर्णीय ड्रायव्हरला अडवलं, त्यावरून वॉट्स पेटलं. सहा दिवस. ३४ माणसं गेली, दुकानांच्या रांगाच्या रांगा जळाल्या. प्युरिफॉय आणि त्याचा सहकारी जडसन पॉवेल यांनी त्या राखेतून सुमारे तीन टन भंगार गोळा केलं. जळकी लाकडं, वाकलेला पत्रा, वितळून गोळा झालेल्या निऑनच्या पाट्या. इतर कलाकारांना सोबत घेऊन त्यातून ६६ कलाकृती झाल्या. प्रदर्शनाचं नाव 'सिक्स्टी-सिक्स साइन्स ऑफ निऑन'. १९६६ मध्ये ते वॉट्समधल्याच एका शाळेत भरलं, मग गावोगाव फिरलं. आणि त्यातली बहुतेक कामं पुढे मोडली, हरवली. परत भंगारात.

आणि मला वाटतं, इथेच शाळेतला धडा कमी पडतो. पेनस्टँड बघताना आइस्क्रीम आठवलं तर तो फसला, हो की नाही? तिथे वस्तूचा भूतकाळ रंग मारून लपवायचा असतो. इथे लाकूड जळकंच दिसायला हवं. ते घासून पॉलिश केलं की वॉट्स संपलं, उरला शोपीस.

सत्तरी ओलांडल्यावर, १९८९ मध्ये, प्युरिफॉय जोशुआ ट्रीच्या वाळवंटात राहायला गेला. २००४ मध्ये मरेपर्यंत तिथल्या दहा एकरांवर तो टायर, सायकली, कमोड, पत्रे जोडत राहिला. वर छप्पर नाही. ऊन आणि वारा या वस्तूंचं जे करतील तोही कामाचाच भाग, असं तो मानायचा. त्यातलं एक काम मला सगळ्यात जास्त लागतं. शेजारी शेजारी दोन गोष्टी: पिण्याच्या पाण्याचा नळ, त्यावर पाटी 'व्हाइट'. आणि संडासाचं भांडं, त्यावर पाटी 'कलर्ड'. गोऱ्यांचं पाणी वेगळं आणि काळ्यांचं वेगळं, अशा अलाबामात हा माणूस वाढला होता. आपल्याकडे पाणवठ्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. महाडचं चवदार तळं, १९२७. बस.

आता खरा पेच. रोडियाच्या मनोऱ्यांच्या भेगा आजही बुजवल्या जातात, आणि ते बरोबरच आहे. पण प्युरिफॉयच्या वाळवंटातल्या सायकली गंजून कोसळायला लागल्या तर? दुरुस्त करायच्या की पडू द्यायच्या? माझं मत विचाराल तर पडू द्याव्यात. फक्त त्या नळाची आणि भांड्याची वेळ आली की मला हे इतक्या सहज म्हणता येईल का, शंका आहे. तुम्ही काय कराल? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.