सुताराचा श्वास मोकळा राहावा

गावगाड्यात सुताराचे स्थान मोठे. नांगर, पाभर, बैलगाडी, घराची तुळई आणि बाळाचा पाळणा ही सारी त्याच्याच हातची निर्मिती. पूर्वी हे काम वाकस, पटाशी, करवत व रंधा यांवर चाले. आज गावोगावच्या सुतारशाळांत विजेवर चालणारी गोल करवत व घासण्याचे यंत्र आले आहे. काम झपाट्याने होते. परंतु त्याबरोबर बारीक धूळही वाढली आहे.

भुशाचे जाड कण बहुधा नाकातच अडकतात. लाकूड घासताना निघणारे अतिसूक्ष्म कण मात्र फुप्फुसात खोलवर जातात. वर्षानुवर्षे असे घडत राहिले, की श्वासनलिकांना सूज येते, कफ वाढतो आणि खोकला जडतो. साग, शिसवी यांसारख्या लाकडांच्या धुळीमुळे काहींना दमाही होतो. कामाच्या दिवशी किंवा त्याच रात्री छाती भरून येणे आणि सुटीत आराम वाटणे, ही या दम्याची खूण होय. ती वेळीच ओळखून धूळ टाळल्यास आजार आटोक्यात येण्याची शक्यता अधिक असते. विडीचा खोकला समजून तो अंगावर काढल्यास काम सोडल्यावरही दमा राहू शकतो.

धोका फुप्फुसापुरताच नाही. इंग्लंडमधील हाय विकम परिसरातील लाकूडकामगारांत नाकाच्या कर्करोगाचे प्रमाण असाधारण असल्याचे 1960 नंतरच्या दशकात तेथील डॉक्टरांनी दाखवून दिले. पुढे 1995 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवात कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

यावरील उपाय साधे आहेत. यंत्राच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारी नळी बसवावी. भुसा कोरडा झाडू नये वा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण पुरेसे अडवत नाही. त्यासाठी एन-95 प्रकारची, चेहऱ्याला घट्ट बसणारी मुखपट्टी वापरावी.

1948 च्या कारखाने अधिनियमाने धूळनिवारणाची तरतूद केली होती. परंतु दोन-चार कारागिरांची सुतारशाळा सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेर राहिली. म्हणूनच ग्रामपंचायत, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांचे साहाय्य मोलाचे ठरते. खोकल्याने त्रस्त माणसाला “आपण काम काय करता?” असे अगत्याने विचारले, तर अनेक सुतारांचे दुखणे वेळीच ध्यानात येईल.