संग्रहालयात हात चालले पाहिजेत

(मेडशी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संग्रहालयात शिरलं की पहिली पाटी दिसते ती 'वस्तूंना हात लावू नये' ही. पाटी योग्यच आहे. जुन्या मूर्तीवर रोज शेकडो हात फिरले तर नाकडोळे झिजून जातील. पण त्याच इमारतीत एक खोली अशी हवी की जिथे माती, सूत, रंग, सुई हातात घेतल्याशिवाय बसताच येऊ नये. आणि ती खोली मोठ्या माणसांची हवी. मुलांची शिबिरं भरतात, भरावीतच. मी बोलतोय ते तीस, पन्नास, सत्तर वर्षांच्या माणसांबद्दल.

तुमच्यापैकी कित्येकांनी शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील. त्यानंतर रंगपेटी मिटली ती कायमचीच. पुढे नोकरी, शेती, संसार. कुणी म्हटलं की पुन्हा शिका, तर उत्तर ठरलेलं : आता या वयात काय? हे उत्तर मला मान्य नाही. वयानं हाताला ताठरपणा येतो हे खरं, पण मोठ्या माणसाला वस्तू कळते. माठाची कड जाड का ठेवतात हे लहान पोराला सांगावं लागतं. पाणी वाहिलेल्या बाईला ते आधीच ठाऊक असतं. प्रौढांचा वर्ग इथून सुरू होतो, म्हणून तो शाळेच्या वर्गापेक्षा वेगळा आणि माझ्या मते अधिक खोल जातो.

हा विचार मुंबई-पुण्याकडून आलेला नाही. आपल्या विदर्भातच वर्ध्याला मगनवाडी आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ साली निघाला, जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला आणि त्याचं ठाणं मगनवाडीत होतं. तिथेच ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. मगनलाल गांधींचं नाव दिलेलं हे संग्रहालय खेड्यातल्या उद्योगांचं. राजाची तलवार आणि राणीचा हार ठेवण्यासाठी ते काढलं नव्हतं. चरखा, घाणी, हातकागद, चूल हे तिथले विषय. मगनवाडीत कार्यकर्ते तेलघाणी, कागद, मधमाशा या गोष्टी प्रत्यक्ष करून शिकत आणि आपापल्या गावी परतत. आजही मगन संग्रहालय समिती खादी आणि नैसर्गिक रंगांचं काम करते. पाहण्याची जागा आणि करण्याची जागा शेजारी-शेजारी असावी, हे वर्ध्यानं ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवलं. आपण मात्र ते विसरलो आणि संग्रहालय म्हणजे शाळेच्या सहलीचा एक थांबा असं धरून बसलो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली वाशीमला सापडला आणि या शाखेचा इतिहास उजेडात आला. याच शाखेतला राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं सोळाव्या क्रमांकाचं लेणं या वराहदेवाचं दान आहे, तसा लेख त्या लेण्यातच कोरलेला आहे. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. म्हणजे अजिंठ्याच्या भिंतीशी आपल्या वाशीमचं नातं लेखी आहे.

अजिंठ्याची चित्रं कशावर काढली? खडबडीत कातळावर आधी मातीचा गिलावा. त्या मातीत दगडाची कच, गवत, वनस्पतींचे तंतू, भाताचं तूस. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर, वर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी. निळा तेवढा परदेशी दगडाचा, बाकी बहुतेक जमिनीतलाच. आता समोर बसलेल्या आयाबायांना विचारतो, मातीच्या भिंतीला भेग पडू नये म्हणून मातीत कुटार घालून तुडवायचं, मग सारवायचं, मग पांढऱ्या मातीनं पोतारायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? अजिंठ्याच्या गिलाव्याचा वर्ग घ्यायचा झाला तर पहिल्या दिवशी शिक्षक तुम्ही असाल. रंगाचा माणूस दुसऱ्या दिवशी आला तरी चालेल.

अजिंठ्याच्या नकलांची हकिगतही सांगण्यासारखी आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथे राहून नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत बसू लागले. हे काम १८८५ पर्यंत चाललं. त्याही नकलांपैकी पुष्कळ लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीत गेल्या. दोनदा कापड जळलं. पण अंधाऱ्या लेण्यात मान वर करून एकेक बोट, एकेक पापणी रेखताना त्या मुलांच्या हातात जे उतरलं ते जळालं नाही. पुढे ते त्यांच्या स्वतःच्या चित्रांत आलं. हाताने शिकण्याचं मोल मला यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

आणि आता आपल्या जिल्ह्यात संग्रहालय झालंही आहे. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला, संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या गावी, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारत नगाऱ्याच्या आकाराची आहे. आत बंजारा समाजाचा इतिहास मांडला आहे. जिल्ह्याला याचा अभिमान वाटावा, मलाही वाटतो. आपला जिल्हा तांड्यांचा जिल्हा आहे. तांड्यातल्या आजीचा फेटिया (घागरा), कांचळी (चोळी) आणि छांटिया (ओढणी) डोळे भरून पाहा. त्यांवर जडवलेल्या आरशाच्या भिंगाला भोक पाडता येत नाही, म्हणून आधी आडव्या-उभ्या दोऱ्यांनी ते कापडावर जखडायचं आणि मग त्या दोऱ्यांना धरून भोवती गोल टाका विणत न्यायचा. कवडी, मणी, नाणं यांची बसवण आणखी वेगळी. छापील नक्षी पुढ्यात नसते, धागे मोजत सुई चालते.

याच समाजाचं कर्नाटकातलं काम पाहा. बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लमाण भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या बैठकीवेळी साडेचारशेहून अधिक लमाण बायांनी केलेल्या १,७५५ वस्तू मांडून जागतिक विक्रम नोंदवला गेला. तिथे संस्था उभी राहिली म्हणून हे घडलं. आपल्या तांड्यांत हात आहेत, पण नातीला सुई धरायला वेळ नाही आणि शिकवणाऱ्या आजीला कुणी गुरू म्हणत नाही.

म्हणून माझं मागणं आहे की संग्रहालयानं या आजींना काचेआडच्या पुतळ्यासारखं दाखवू नये, त्यांना शिक्षक म्हणून बोलवावं. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात 'करो और सीखो' या नावानं वर्ग होतात; पारंपरिक कारागीर शिकवतात, नाव नोंदवलेली माणसं शिकतात. दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात देशभरातले कारागीर येऊन लोकांसमोर काम करतात. नवं काही शोधायचं नाही.

दोन-तीन गोष्टी मात्र मी आग्रहानं सांगेन. शिकवणाऱ्या बाईला निदान गवंड्याच्या हजेरीएवढं मानधन रोजच्या रोज मिळालं पाहिजे. शाल-श्रीफळावर भागवू नका. वर्ग शेतीचं वेळापत्रक पाहून लावा : हरभरा-गहू घरात आल्यापासून मृग लागेपर्यंत. सोयाबीनच्या सोंगणीत लावलेल्या वर्गाला कुणी येणार नाही. स्पर्धा आणि नंबर नकोत, प्रौढ माणूस हरण्याच्या भीतीनंच घरी बसतो. आणि पुरुषांनीही यावं. सुई हातात धरल्यानं कुणाचा पुरुषार्थ कमी होत नाही.

पोहरादेवीचा वर्ग सुरू होईल तेव्हा होईल, त्यासाठी आपण संग्रहालयाला लेखी विनंती करू. तोवर मेडशीनं थांबायचं कारण नाही. मे महिन्यात शाळेच्या खोल्या रिकाम्या असतात. ग्रामपंचायतीनं त्यांतली एक मागून घ्यावी आणि जवळच्या तांड्यातल्या एका आजीला सन्मानानं आणावं. पहिले आठ दिवस भिंग बसवण्याचा टाका शिकावा, पुढचे आठ दिवस मातीच्या गिलाव्यावर गेरू आणि काजळीनं रंगवावं. ज्यांची तयारी असेल त्यांनी आज सभा संपल्यावर कार्यकर्त्यांकडे नाव द्यावं, आणि देताना वय सांगायला लाजू नये.