सर्पाची जीभ कीं माशाचा दांत?

इ. स. १६६६ च्या ऑक्टोबर महिन्यांत इटलीतील लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनीं एक प्रचंड शार्क मासा पकडला. कोंकणांत ज्याला मुशी म्हणतात, त्याच कुळांतला. पण आकारानें कितीतरी मोठा. ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याच्या आज्ञेवरून त्याचें डोकें फ्लॉरेन्सला आणून निकोलस स्टेनो या डॅनिश शारीरशास्त्रज्ञाच्या स्वाधीन करण्यांत आलें. त्याचे दांत तपासतांना स्टेनोला माल्टा बेटांतील प्रसिद्ध जिव्हाशिलांशीं त्यांचें विलक्षण साम्य आढळलें.

या त्रिकोणी, तुळतुळीत दगडांविषयीं मोठी आख्यायिका होती. माल्टांत संत पॉल यांना सर्प डसला, तरी ते वांचले. त्यांच्या शापानें तेथील सर्पांच्या जिभा दगड झाल्या, अशी लोकांची श्रद्धा. विषावर उतारा म्हणून श्रीमंत लोक हे दगड गळ्यांत बांधीत व मद्याच्या पेल्यांत बुडवीत.

हे दगड नसून शार्काचे दांत आहेत, असें फाबियो कोलोन्ना यानें १६१६ मध्येंच लिहिलें होतें. स्टेनोनें त्यापुढचा विचार केला. समुद्रांतील माशाचे दांत कोरड्या जमिनीवरील खडकांत गेले कसे? त्याचें उत्तर असें कीं, तो खडक एके काळीं पाण्याखालचा मऊ गाळ होता. दांत त्यांत रुतले आणि मागाहून गाळ कठीण झाला. १६६९ मध्यें त्यानें नियमच सांगितला: खालचा थर आधींचा, वरचा नंतरचा. भूस्तरशास्त्राचा पाया असा एका दांतानें घातला.

शार्काचा सांगाडा कूर्चेचा असल्यामुळें तो बहुधा कुजून जातो. दांत मात्र जन्मभर पडत व नवे येत असतात; एका माशाचे हजारों. त्यांतले कांहीं गाळांत राहून तेथील खनिजें शोषून घेतात. काळा, करडा, पिवळा हे रंग त्या खनिजांचे असतात. रंगावरून वय ठरत नाहीं. मेगॅलोडॉन या सुमारें ३६ लक्ष वर्षांपूर्वीं लुप्त झालेल्या शार्काचा दांत कधीं कधीं १७ सेंटिमीटरांहून मोठा भरतो. संग्राहकांची झुंबड त्यासाठींच असते, आणि विक्रेतेही तुटकीं मुळें व धारा लुकणानें भरून काढून त्यांस अखंड रूप देतात.

अमेरिकेंत मेरीलँड प्रांतांतील कॅल्व्हर्टचे कडे सुमारें १ ते २ कोटी वर्षांपूर्वींच्या सागरी गाळाचे आहेत. कडे ढासळतात, म्हणून तेथील सरकारी उद्यानांत त्यांच्याखालीं जाण्यास मनाई आहे; लाटांनीं किनाऱ्यावर आणलेले दांत मात्र वेंचतां येतात. अशा दांताचा थर हरवलेला असतो. निदान किनारा आणि दिवस लिहून ठेवला, तर त्याचा कांहीं ठावठिकाणा उरतो.

जाणता संग्राहक म्हणून दांताबरोबर चिठ्ठी ठेवतो: कोठें, कोणत्या थराजवळ, केव्हां. लहानसा मोडका दांतही अशा चिठ्ठीमुळें अभ्यासकाच्या कामीं येतो. चिठ्ठी नसलेला सर्वांत मोठा दांत कपाटांत शोभून दिसेल; परंतु स्टेनोनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तो देणार नाहीं.