गिअरचा दांडा निवडताना

जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ ही दोन माणसांची, छत उघडणारी छोटी मोटार काढली. ती आपल्या गावच्या रस्त्यावर दिसायची नाही. पण अमेरिकेतला एखादा भाचा ती चालवीत असेल, तर मूळचा गिअरचा दांडा काढून बाहेरचा, कमी फिरणारा दांडा बसवायची हौस त्यालाही येईल.

यात जादू काही नाही बरं का! शिक्षकबंधूंनी वर्गात शिकवलेली ही तरफच. पहारीचा टेकू हाताकडे सरकवला, की हात थोडा हलला तरी धोंडा पुष्कळ हलतो. मात्र जोर जास्त लागतो. दांड्याचा गोळा हा टेकू. तो वर चढवला, की गिअर टाकताना हात कमी फिरतो आणि जोर वाढतो. म्हणून सगळ्यांत आखूड तोच उत्तम, असं मुळीच नाही. घाईने रेटत राहिलं, तर चक्रांचा वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या झिजतात.

आणि दांडा नुसता ढिला वाटत असेल, तर भाच्याला म्हणावं, थांब. आधी खालच्या टोकाची झिजलेली टोपी आणि फाटलेलं रबर बदल, बुडाशी तेल आहे का बघ. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.